टाकून दिलेल्या फुलांचा नकाशा

निवृत्तीच्या दिवशी मिळालेला पुष्पगुच्छ लोक घरी आणतात, पाण्यात ठेवायला विसरतात आणि तिसऱ्या दिवशी फेकून देतात. माझ्या धाकट्या दिरांनी तो त्याच संध्याकाळी सोडवून पाहिला. रिबीन कापली नाही, गाठ नखाने सैल केली. वरच्या पारदर्शक कागदाची घडी घातली. मग टेबलावर वर्तमानपत्र पसरून एकेक देठ ओळीने मांडला आणि एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर यादी केली: कुठलं फूल, किती, देठ किती लांब, आत कुठे बसवलेलं. मी समोर चहा पीत होते. वीस मिनिटांत त्यांनी तो सगळा परत बांधला. गाठसुद्धा त्याच जागी. पहिल्यात आणि दुसऱ्यात कोणी फरक दाखवला असता तर मी बक्षीस दिलं असतं.

"झालं समाधान?" माझी जाऊ म्हणाली. "आता तेवढं टेबल मोकळं करा, मला भाजी चिरायचीय."

भाऊजी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत चौतीस वर्षं ट्रेसर होते. आता ही नोकरीच उरलेली नाही, म्हणून सांगते. इंजिनिअर पेन्सिलीने नकाशा काढायचा. त्यावर पारदर्शक मेणकापड ताणून, खालची रेघ न् रेघ काळ्या शाईने गिरवायची, ते काम ट्रेसरचं. स्वतःची अक्कल चालवायची नाही. इंजिनिअरने नळ चुकीच्या गल्लीत नेला असला तरी ट्रेसरने तो तिथेच न्यायचा. भाऊजींचा हात असा की, शाई वाळल्यावर वरचा कुठला आणि खालचा कुठला हे रंगावरूनच ओळखायचं. ऑफिसात त्यांना 'कार्बन' म्हणत. पुढे संगणक आले, आणि शेवटची आठ वर्षं कार्बन तळघरात बसून जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांना नंबर घालत होते.

निरोपसमारंभात त्यांचे साहेब म्हणाले, "चौतीस वर्षांत यांची एक रेघ चुकली नाही. आणि एकही रेघ यांची नव्हती." सगळे हसले. भाऊजीही हसले, आणि उगाच नाही; विनोद चांगलाच होता. पण ते वाक्य त्यांनी गुच्छाबरोबर घरी आणलं. टेबल मोकळं करता करता मला म्हणाले, "वहिनी, साहेब बोलले ते खरंच आहे. पण माझ्यात माझं म्हणून काही आहे की नाही, हे कोणी तपासलंय कुठे? मीसुद्धा नाही."

मी म्हटलं, मग तपासा. एवढं सोपं वाटलं मला.

फुलंच का, याचं त्यांचं उत्तर त्यांच्यासारखंच होतं. फुलावर कागद ठेवून गिरवता येत नाही, फूल चुरगळतं. म्हणजे तिथे गिरवण्याची सोयच नाही. जे होईल ते आपलंच होईल. विकत आणलेली फुलं नकोत, कारण ती दुसऱ्याने निवडलेली. बी पेरण्यापासून सगळं आपल्या हातचं हवं, आणि प्रत्येक ऋतूत जे फुलेल त्याचाच गुच्छ करायचा. दर सोमवारी एक.

घरामागे धुण्याच्या दगडापासून भिंतीपर्यंत तीस फूट लांब, अकरा फूट रुंद जागा होती. जावेने एकच अट घातली, माझ्या वाळवणाच्या दोरीला हात लावायचा नाही. त्यामुळे पहिल्या वर्षीची झिनिया आणि ॲस्टर ओल्या चादरींखाली वाढली. मी कॉलेजात सव्वीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवलं. फुलाचे भाग मी झोपेत सांगेन. पण पेल्यात चार फुलं ठेवायला सांगितली तर ती चार दिशांना तोंड फिरवून बसतात, भांडलेल्या जावांसारखी. तेव्हा खत कोणतं, शेंडा कधी खुडायचा, डेलियाच्या बाजूच्या कळ्या काढल्या की मधलं फूल मोठं येतं, हे मी सांगितलं. पुढचं मला विचारू नका म्हटलं.

पुढचं त्यांनी पुस्तकातून घेतलं. गल्लीच्या टोकाला वाचनालय आहे. तिथल्या ग्रंथपालबाईंना सगळे शूबाई म्हणतात, कारण त्यांच्या तोंडून दुसरा शब्द फारसा कोणी ऐकलेला नाही. त्यांनी वरच्या फळीवरून रंगीत चित्रांचं एक जाडजूड पुस्तक काढून दिलं, ऋतूप्रमाणे गुच्छ कसे करायचे याचं. भाऊजी त्यात बुडाले. पहाटे दव असताना फुलं कापायची, देठाला तिरपा छेद द्यायचा, खालची पानं काढायची, आणि दुपारपर्यंत फुलं अंधारात गळाभर पाण्यात उभी ठेवायची. घरात अंधाराची जागा एकच, न्हाणीघर. फुलांची आंघोळ निवांत चालायची आणि जाऊ टॉवेल खांद्यावर टाकून बाहेर ताटकळायची. "सवत परवडली," असं मला म्हणाली, "ती निदान दार उघडेल."

झालेला गुच्छ सोमवारी वाचनालयाच्या काउंटरवर ठेवायला शूबाईंनी परवानगी दिली. आणि काय सांगू, लोक थांबायला लागले. पुस्तकं परत करायला आलेली माणसं दंड भरायच्या आधी फुलं बघायची. एका शिक्षिकेने वर्गातली मुलं दाखवायला आणली. भाऊजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर वर्तमानपत्र उलटं धरून बसायचे आणि ऐकायचे. असे सहा-सात महिने गेले. त्यांची पाठ सरळ झाली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

एका सोमवारी मीही तिथे होते. आदल्या आठवड्यात ते पुस्तक मी एका संध्याकाळपुरतं चाळायला नेलं होतं. काउंटरभोवती पाच-सहा जण कौतुक करत होते आणि भाऊजींनी आपल्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं, तुमचं काय म्हणणं, अशा अर्थाने.

"पान सत्तावन्न," मी म्हटलं. "फक्त तिथे भांडं निळं आहे."

शूबाई हसल्या. सगळेच हसले. भाऊजीही हसले, निरोपसमारंभात हसले तसेच. खरं बोलायला मला आयुष्यात कधी उशीर झालेला नाही. गरज होती का, हे मी बहुतेक वेळा नंतर बघते. माझी कल्पना अशी की ते त्यांना माहीत असणार, ते जाणूनबुजून सराव करत असणार. त्यांना माहीत नव्हतं. चित्र बघून बाजूला ठेवलं, मग मी माझ्या मनाने गुच्छ केला, असं त्यांना प्रामाणिकपणे वाटत होतं. हात मात्र चौतीस वर्षं जे शिकला तेच करत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुस्तक परत केलं. त्यानंतर दोन वर्षं त्यांनी एकही चित्र पाहिलं नाही. कॅलेंडरवर फुलं होती तर तेही उलटं टांगलं.

या दोन वर्षांबद्दल लिहायला मला आवडत नाही, पण ती गाळून चालणार नाही. ते आधी चौकटीच्या कागदावर आराखडा काढायचे, मग गुच्छ. तो गुच्छ पाहिला की पंपघर आठवायचं. देठ म्हणजे नळ आणि फुलं म्हणजे झडपा. डावीकडे दोन डेलिया तर उजवीकडे दोन डेलिया. मी म्हटलं, जरा सैल सोडा हो. पुढच्या सोमवारी तीन फुलं वाकडी होती, आणि तिन्ही अगदी सारखीच वाकडी. आराखडा काढू नका म्हटलं तर त्यांनी तो मनात काढला. डोळे मिटून फुलं उचलून पाहिली. हाताने देठांची जाडी ओळखून ती चढत्या क्रमाने लावली. निशिगंध, कॉसमॉस, शेवंती, ज्या ऋतूत जे येईल ते उत्तम वाढवलेलं, उत्तम कापलेलं, आणि गुच्छ मेलेला. शूबाईंनी तो काउंटरवरून खिडकीत हलवला, खिडकीतून वर्तमानपत्रं टांगायच्या घोड्याशेजारी, आणि शेवटी छत्र्या ठेवायच्या डब्याजवळ.

दर सोमवारी ते मला विचारायचे, "वहिनी, कसा आहे?"

सुरुवातीला मी 'वाईट' म्हणत असे. पुढे 'ठीक' म्हणायला लागले. मी 'ठीक' म्हणायला लागले तेव्हा आता काही खरं नाही हे त्यांना कळलं. त्यांनी विचारणं थांबवलं. पेरणं, कापणं, बांधणं थांबवलं नाही.

तिसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. मी सकाळी अकराच्या सुमाराला गेले, मागच्या दाराने. भाऊजी धुण्याच्या दगडावर पाठमोरे बसून आपला सोमवारचा गुच्छ बांधत होते. दाराशी, उन्हाच्या तिरिपेत, पोपडा उडालेली इनॅमलची बादली होती आणि तिच्यात फुलं. मी जागच्या जागी थांबले. एक कॉसमॉस मान टाकून बाहेर आलेला, त्याच्यामागे बी धरायला लागलेल्या बडीशेपेच्या छत्र्या, गर्द तांबडं कोंबड्याचं फूल खाली बुडालेलं, नुसत्या डोळ्यासारखं दिसणारं. अर्धवट पाकळ्या झडलेली डेलिया. अळीने चाळणी केलेलं एक मोठं पान, आणि त्या भोकांतून पलीकडची पिवळी शेवंती. सगळं कसं कोणीतरी घाईघाईत काहीतरी सांगायला आल्यासारखं. मला मांडणीतलं कळत नाही, पण मी चप्पल न काढताच वाकून बघत राहिले. माझ्या बाबतीत ते वारंवार होत नाही.

"भाऊजी," मी म्हटलं, "जमलं की हो तुम्हाला."

ते वळले. माझ्याकडे पाहिलं, मग बादलीकडे. त्यांच्या हातात अजून अर्धा बांधलेला गुच्छ होता.

जाऊ आतून फडकं पिळत आली. "ताई, तो कचरा आहे," ती म्हणाली. "यांनी नको म्हणून टाकलेलं. फरशी पुसायची होती म्हणून मी उचलून बादलीत कोंबलं."

माझं बोललेलं परत घेता येणार नव्हतं, आणि खरं तर मी ते घेतलंही नसतं, कारण बादली सुंदरच होती. भाऊजी उठून तिच्यासमोर उकिडवे बसले. किती तरी वेळ बघत राहिले. त्यांनाही दिसलं. न दिसतं तर बरं झालं असतं. माणूस आंधळा असता तर सुटला असता. दिसत होतं सगळं, फक्त हातात येत नव्हतं. आणि ज्या बाईला न्हाणीघर मोकळं हवं होतं, जिने आयुष्यात फुलाकडे दुसऱ्यांदा पाहिलं नव्हतं, तिच्या हातून ते फरशी पुसता पुसता झालं होतं.

"छान आहे," ते म्हणाले. जावेला म्हणाले, मला नाही. ती म्हणाली, "इश्श, काहीतरीच."

आता दुसरा कोणी असता तर त्याने काय केलं असतं? बायकोला म्हटलं असतं, पुन्हा एकदा कोंब. किंवा कात्री फेकून दिली असती. भाऊजींनी कपाटावरची लांब पेटी काढली. तिच्यात रेघ मारायची जुनी पेनं होती, शाईची बाटली होती, आणि कचेरीतून उरलेलं मेणकापडाचं शेवटचं भेंडोळं. दोन दिवस त्यांनी त्या बादलीला कोणाला हात लावू दिला नाही. फरशी तशीच राहिली. ओळंबा टांगून त्यांनी मापं घेतली. वरून, समोरून आणि दोन्ही बाजूंनी अशी चार चित्रं काढली, फुलं मान टाकायच्या आत. एकतीस देठ, एकतीस नंबर. प्रत्येकाची लांबी, कल, पाण्याच्या वर किती. सतरा नंबरच्या पानावरचं अळीचं प्रत्येक भोक.

मी म्हटलं, "भाऊजी, तो अपघात होता."

"अपघाताचाही पंचनामा होतोच की, वहिनी," ते म्हणाले. त्यांचं म्हणणं असं, की ही गोष्ट एकदा हाताला समजली की पुढची आपोआप सुचेल. आधी ही नीट गिरवून घेतो. मला तेव्हाच कळलं हे कुठे जाणार. जित्याची खोड. पण पान सत्तावन्न बोलून मी एकदा हात पोळून घेतले होते, म्हणून या वेळी गप्प बसले. गप्प बसायची वेळ मी आयुष्यात दोनदाच निवडली आणि दोन्ही वेळा चुकीची.

पुढचं सबंध वर्ष त्या एका बादलीसाठी गेलं. त्यांनी तारखा मागे मोजत नेल्या: कॉसमॉस कधी पेरला म्हणजे त्या आठवड्यात मान टाकेल, बडीशेप कधी, शेवंतीचे शेंडे कधी खुडायचे. ज्या फुलांना नंबर नव्हता ती उपटली. गुलाब शेजारी देऊन टाकले. जागा कमी पडायला लागली तेव्हा जावेने स्वतःच वाळवणाची दोरी सोडून घेतली. मी तिच्याकडे पाहिलं तर म्हणाली, "असू दे, ताई. मी घरात वाळत घालीन." त्या बादलीचा उल्लेख तिने वर्षभरात एकदाही केला नाही. कोणाचा तरी ठेवा आपल्या हातून फुटावा, तशी ती घरात वावरत होती. त्या वर्षात सोमवारचा गुच्छ बंद होता.

हिवाळा आला. फुलांनी त्यांची तारीख पाळली, हे मी मान्य करते. त्यांच्याइतका चांगला माळी मी पाहिला नाही. सतरा नंबरचं पान मात्र मिळेना. अळ्या होत्या, पण त्या नकाशाप्रमाणे खात नव्हत्या. शेवटी नखं कापायच्या कात्रीने त्यांनी स्वतः भोकं पाडली. कॉसमॉस ताठ उभा राहत होता, त्याच्या मानेत बारीक तार घातली. डेलियाच्या नेमक्या सात पाकळ्या चिमट्याने काढल्या.

सकाळी सातला बसले, अकराला आम्हाला हाक मारली. दाराशी तीच बादली, पोपडा उडालेली बाजू खिडकीकडे. ऊनही तेच. शेजारी भिंतीला नकाशा टाचलेला. मी एकदा नकाशा पाहिला, एकदा बादली. एकतीसच्या एकतीस. देवाशपथ, कुठे सुईच्या टोकाएवढा फरक नव्हता. आणि काही नव्हतंच तिथे. एखाद्याच्या घरी जावं, सगळं सामान जागच्या जागी असावं, आणि त्या घरातलं माणूस गेलेलं असावं, तसं.

जावेने हात जोडल्यासारखे छातीशी धरले. "अगदी तसाच झाला हो," ती म्हणाली. "जरासुद्धा फरक नाही."

तिला ते मनापासून कौतुक म्हणून म्हणायचं होतं. भाऊजींनी तिच्याकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे, आणि थांबले. मला ठाऊक होतं ते कशासाठी थांबलेत. एक शब्द हवा होता. मी शोधला. ज्या बाईने उभ्या आयुष्यात विद्यार्थ्यांना, प्राचार्यांना, नवऱ्याला तोंडावर सुनावलं, तिला त्या दारात एक वाक्य सापडलं नाही.

"हो," मी म्हटलं. "तसाच आहे."

"म्हणजे पुन्हा तेच," ते म्हणाले. तक्रार नव्हती, एखाद्या तपासणीचा निकाल वाचावा तसं. मग वाकून त्यांनी कॉसमॉसच्या मानेतली तार हळूच ओढून घेतली, फूल सरळ झालं, आणि ते आत हात धुवायला गेले.

याला तीन वर्षं झाली. मागच्या जागेत फरशी घातली आहे. वाळवणाच्या आता दोन दोऱ्या आहेत. भाऊजी रोज वाचनालयात जातात, वर्तमानपत्र सुलट धरून वाचतात. शूबाईंनी काउंटरवर प्लॅस्टिकची फुलं आणून ठेवलीत. त्यांच्यावर धूळ बसते. सोमवारी भाऊजी खिशातला रुमाल काढतात आणि एकेक पाकळी पुसून ती परत होती तशी वळवून ठेवतात. शूबाई त्या वेळी दुसरीकडे बघतात, एवढी माणुसकी त्यांच्यात आहे.

गेल्या महिन्यात मी साखर काढायला जावेचं कपाट उघडलं. डबा उचलला तर खाली कापडाचा कोपरा दिसला, आणि त्यावर रेघा. तोच नकाशा, फळीवर अंथरलेला. जाऊ कावरीबावरी झाली. म्हणाली, हे तो फेकायलाच निघाले होते, कापड चांगलं आहे म्हणून मी ठेवलं. मी सगळे डबे खाली उतरवले, नकाशा काढला आणि चष्मा लावून उजेडात धरला. त्या दिवसांत मी तो कधी नीट पाहिलाच नव्हता. मी बादलीकडेच बघत होते. केसाएवढ्या रेघा. कॉसमॉसची टाकलेली मान अशी की आपली मान दुखावी. सतरा नंबरचं पान, त्यातून दिसणारी शेवंती. त्या नकाशातली फुलं अजून त्या सकाळच्या उन्हातच होती. वर्षभर मरमर करून त्यांना बादलीत जे उभं करता आलं नाही ते इथे होतं, साखरेच्या डब्याखाली.

भाऊजी टेबलाशी चहा घेत होते. मी ते त्यांच्यासमोर पसरलं.

"हे बघा," मी म्हटलं. "याच्याखाली कोणाचा नकाशा नव्हता. समोर फुलं होती आणि तुम्ही होतात. दुसऱ्या कोणाला हे काढता आलं नसतं. हे तुमचं आहे."

त्यांनी कप बाजूला सरकवला, डाग पडू नये म्हणून. बराच वेळ पाहिलं. एका ठिकाणी बोट ठेवलं.

"पान चांगलं आलंय," ते म्हणाले. मग चष्मा काढून मिटला. "पण वहिनी, हे तर मला येतच होतं."

मी वाद घालायला तोंड उघडलं. वाद मला येतो. पण ते उठले होते. त्यांनी कापड उचललं, फळीवर पसरलं, कोपऱ्याला कोपरा जुळवून तळहाताने सपाट केलं. मग एकेक डबा वर चढवला, साखर, चहा, मीठ, रवा, प्रत्येक आपल्या जागी. मी शपथेवर सांगते, एकही इकडचा तिकडे झाला नाही.